फुगवट्यावरचे वाङ्मय

काही महिन्यांपूर्वी मराठी घेऊन एम. ए. झालेल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. 'सर, यॉटला मराठीत काय म्हणावे?' प्रश्न साधा होता. त्यामागचा प्रसंग तितका साधा नव्हता. जलपर्यटनाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या एका संस्थेने तिला पुस्तिका लिहायला दिली होती. विषय होता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील धरणांचे जलाशय. मुद्दे संस्थेनेच लिहून दिले होते : सातवाहनांचा सागरी व्यापार, नाणेघाट, शिवनेरी आणि मराठ्यांचे आरमार, 'निळेशार बॅकवॉटर', आणि समारोपाला 'सह्याद्रीच्या कुशीत यॉटचा राजेशाही अनुभव'. मोबदला शब्दागणिक. तिने मसुदा पाठवला. तो वाईट असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. मसुदा उत्तम होता. वाक्यांना लय होती, इतिहासापासून वर्तमानापर्यंतचा प्रवास सफाईने साधला होता, एकही विशेषण चुकीच्या जागी पडले नव्हते. आम्ही जे जे शिकवले ते सारे त्यात उतरले होते. म्हणून हा लेख तिच्याविरुद्ध नाही. आम्हा शिकवणाऱ्यांविरुद्ध आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. विलासनौकेचा धंदा हा प्रतिमेवर चालणारा धंदा आहे, आणि ती प्रतिमा भाषेतून येते. समुद्रकाठी ही भाषा फार तर हास्यास्पद ठरते. धरणाच्या पाण्यावर मात्र ती एक निर्णय घेऊन टाकते : हे पाणी कोणाचे, आणि कोणाचा हक्क दिसेनासा करायचा. तो निर्णय घेण्याचा अधिकार साहित्याच्या विद्यार्थ्याला कोणी दिलेला नाही. पण विशेषणे पुरवून तो नकळत त्यात सामील होतो.

आधी शब्दाचे पाहू. 'यॉट' हा मुळात डच शब्द. अर्थ शिकारी नाव, पाठलाग करणारी नाव. चाच्यांच्या आणि चोरट्या व्यापाऱ्यांच्या मागे लागणारे ते चपळ गलबत होते. १६६० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला डचांनी 'मेरी' नावाची अशी एक नौका भेट दिली आणि राजाच्या हौशीमुळे पाठलागाची नाव विहाराची झाली. याच सुमारास, म्हणजे १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर, शिवाजी महाराजांनी त्या खाडीत लढाऊ जहाजे बांधायला आरंभ केला होता. तिकडे कामाची नाव चैनीची होत होती. इकडे माणसे कामाची नाव नव्याने बांधत होती.

मराठीचा नौकाविषयक शब्दसंग्रह मुळीच दरिद्री नाही. होडी, पडाव, मचवा, गलबत, गुराब, शिबाड, तरांडे, तराफा : यांतला प्रत्येक शब्द नावेचा आकार तरी सांगतो किंवा काम तरी. नदी ओलांडून देणारी ती 'तर', पलीकडे जाणारा तो 'उतारू'. संतकवितेत तारू येते तेही पैलतीराला नेण्यासाठीच. मालकाची ऐपत दाखवण्यासाठी जागच्या जागी डोलत राहणाऱ्या नावेला मात्र आपल्याकडे शब्द नाही. 'विहारनौका', 'क्रीडानौका' हे कोशकारांचे सौजन्य आहे. बोलणाऱ्यांनी ते स्वीकारलेले नाही. ही उणीव भरून काढण्याची घाई मला वाटत नाही. विद्यार्थिनीला मी सांगितले, 'यॉट'च लिही. परकी वस्तू परक्या नावाने राहिली तर निदान तिच्या परकेपणाची आठवण राहते.

आता धंद्याचे. २४ मीटरांहून लांब नौकांची जी जागतिक मागणी-यादी दरवर्षी प्रसिद्ध होते, तिच्यात २०२३ साली १,२०३ नौका होत्या. पुढच्या दोन वर्षांत आकडा थोडा उतरला, तरी अकराशेच्या वरच राहिला. त्यांतल्या जवळपास निम्म्या इटलीतल्या गोद्यांत बांधल्या जातात. म्हणजे महासाथीनंतर जगातले बाकीचे उद्योग कण्हत असताना या उद्योगाला बरे दिवस आले. पण यातली खरी अडचण नाव विकली गेल्यावर सुरू होते. नौकेच्या किमतीच्या साधारण एक दशांश रक्कम दरवर्षी तिच्या निगराणीवर खर्च होते असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. नाव वर्षातून काही आठवडे वापरली जाते. खलाशी, विमा, धक्क्याचे भाडे आणि रंगरंगोटी बारा महिने चालू राहते. म्हणून मालक ती भाड्याने देतो, चार जणांत वाटून घेतो, आणि दोन्ही जमले नाही तर खलाशांचा पगार थकवतो.

हे शेवटचे वाक्य अतिशयोक्त वाटत असेल तर विजय मल्ल्या यांची 'इंडियन एम्प्रेस' आठवावी. ९५ मीटरांची ही नौका मार्च २०१८ मध्ये माल्टाच्या बंदरात अडकवली गेली ती थकलेल्या पगारासाठी. चाळीसहून अधिक खलाशांचे वेतन बाकी होते. न्यायालयाच्या आदेशाने लिलाव झाला. पहिल्या खरेदीदाराने पैसे भरले नाहीत, आणि त्याच वर्षी ती कमी किमतीला दुसऱ्याकडे गेली. आपल्याकडे या प्रकरणावर विपुल लिहिले गेले. नौकेवरच्या पियानोबद्दल आणि मेजवान्यांबद्दल वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. तिथल्या खानसाम्याचा पगार किती महिन्यांचा थकला होता हे किती जणांनी वाचले?

लाकडाचीही अशीच कथा आहे. विलासनौकेच्या तक्तपोशीला म्यानमारचे सागवान लागते, कारण पायाखाली तो सोनेरी रंग हवा असतो. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिथल्या सरकारी लाकूड व्यापारावर युरोप-अमेरिकेने निर्बंध घातले. तरीही २०२४ मध्ये, जेफ बेझोस यांच्या 'कोरू' या नौकेवर वापरलेल्या सागवानाच्या प्रकरणात, ती बांधणाऱ्या ओशनको कंपनीला नेदरलँड्समध्ये दंड भरून सुटका करून घ्यावी लागली. सोनेरी तक्तपोशीचे वर्णन करणाऱ्या लेखकाला हे ठाऊक असण्याची सक्ती नाही. पण मग तो वर्णन करत नसतो, फक्त झाकत असतो.

भारतात या धंद्याच्या वाटेत तीन गोष्टी आहेत : कर, धक्का आणि पाऊस. कराची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा करसूचीतल्या एकाच नोंदीत, २८ टक्क्यांच्या दराखाली, यॉट आणि वल्ह्याची होडी शेजारीशेजारी बसवल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांची फारकत झाली. यॉट ४० टक्क्यांवर गेली आणि वल्ह्याची होडी १८ टक्क्यांवर उतरली. या दोन वस्तू एक नव्हेत हे कळायला करसूचीला आठ वर्षे लागली. जलपर्यटनाच्या पुस्तिकांना ते अजून कळलेले नाही. त्या दोहोंनाही 'नौकाविहार' म्हणतात.

धक्का आणि पाऊस यांबद्दल फार लिहायला नको. मुंबईत खासगी नौकांसाठी पुरेशी बांधीव गोदी नाही. गेटवेसमोर त्या नांगर टाकून उभ्या असतात, आणि पावसाळ्याचे महिने धंदा बंद ठेवावा लागतो. पाण्याचा काठ ही दुर्मीळ आणि सार्वजनिक वस्तू आहे, म्हणून त्यावरून भांडणे होतात. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रवासी धक्का हाती घेतला, तेव्हा कुलाब्याचे रहिवासी न्यायालयात गेले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून काम पुढे जाऊ दिले. मुद्दा एवढाच की तिथे निदान भांडता आले. कुलाब्याच्या काठाला आवाज आहे.

समुद्रकाठी जागा कमी पडली की धंद्याची नजर घाटमाथ्यावरच्या पाण्याकडे वळते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात मुनावळे येथे, कोयनेच्या शिवसागरावर, २०२४ मध्ये शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्येच पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आहे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे या पाच धरणांचे पाणी कोणाही व्यावसायिकाला मोह पाडील असेच आहे. मोहाला हरकत नाही. हरकत आहे ती त्याला दिल्या जाणाऱ्या वंशावळीला.

सातवाहन, मग शिवछत्रपती, मग यॉट. मसुद्यातली ही साखळी वाचायला छान वाटते. तपासली की तुटते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई, हे खरे. घाटातल्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत असे लोक सांगतात. पण तो घाट चढत होता तो ओझ्याखाली वाकलेला माणूस आणि त्याचा बैल. त्या व्यापाराचा पैसा जुन्नरात कुठे गेला हेही दगडावर लिहिलेले आहे. इथल्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' दिल्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. समुद्रापारच्या व्यापाराशी ज्यांचे नाते सांगितले जाते अशा या माणसांनी जुन्नरच्या डोंगरात जे मागे ठेवले ते दुसऱ्याला पिण्याचे पाणी आणि दुसऱ्याला जेवायला जागा. परंपराच हवी असेल तर ती ही आहे. जलाशयावर खासगी धक्का बांधून तिचा वारसा सांगता येत नाही.

शिवनेरीचेही तसेच. १६३० मध्ये इथे जन्मलेल्या राजाने आरमार उभारले ते सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांना किनाऱ्याची मालकी सोडून द्यायची नव्हती म्हणून. त्या आरमाराचे नाव घेऊन एखाद्या जलाशयाचा काठ मूठभरांसाठी राखून ठेवणे हा इतिहासाचा अभिमान नव्हे, उपहास आहे.

आता डिंभ्याकडे येऊ, कारण या लेखाचे मर्म तिथे आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाच्या नावाने अख्खा तालुका ओळखला जातो ते आंबेगाव पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावात, बाजार मंचरला. नाव तेवढे बुडालेल्या गावाचे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असे नाव आहे. परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. त्याच्या नावाच्या पाण्यावर आयात केलेल्या चैनीची जाहिरात लिहिताना लेखणी क्षणभर तरी अडखळायला हवी होती.

मसुद्यात या पाण्याला 'बॅकवॉटर' म्हटले आहे. केरळातल्या नैसर्गिक खाजणांचा हा शब्द आपण धरणाच्या पाण्याला चिकटवला आणि हातातले दोन नेमके शब्द टाकून दिले. एक 'फुगवटा' आणि दुसरा 'बुडीत क्षेत्र'. फुगवटा म्हटले की भिंत आठवते. पाणी आपणहून इथे आलेले नाही, अडवले गेले आहे, हे कळते. बुडीत म्हटले की काय बुडाले असा प्रश्न आपोआप येतो. (बँकांकडे याच शब्दाचे दुसरे रूप आहे, बुडीत कर्ज, 'इंडियन एम्प्रेस'च्या मालकाच्या संदर्भात ते पुष्कळदा छापून आले.) बॅकवॉटर म्हटले की यातले काहीच येत नाही, फक्त निळाई येते. हा निव्वळ शुद्धलेखनाचा किंवा भाषाशुद्धीचा प्रश्न असता तर मी तो सोडून दिला असता.

पण धरणाचा जलाशय म्हणजे सरोवर नव्हे. ती टाकी आहे, आणि टाकी रिकामी होण्यासाठी बांधलेली असते. कुकडी प्रकल्पाचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तन सुटले की पातळी उतरते, उतरलीच पाहिजे. पाणी मागे हटते तशी काठची जमीन उघडी पडते आणि त्या ओल्या गाळात विस्थापित कुटुंबे गाळपेर करतात. पाण्यात मासेमारी चालते. यॉटला मात्र भरलेला जलाशय लागतो, स्थिर काठ लागतो आणि मोकळा पृष्ठभाग लागतो. म्हणजे खालच्या शेतकऱ्याला हवे ते आवर्तन, काठच्या आदिवासीला हवा तो गाळ आणि कोळ्याला हवे ते जाळे, या तिघांशी तिचे हितसंबंध सरळ भांडतात. अमेरिकेत मीड सरोवराची पातळी २००० नंतर उतरत गेली तेव्हा तिथल्या विहारनौकांच्या धक्क्यांना पाण्यामागे सरकत जावे लागले आणि काही बंद पडले. तिथे दुष्काळाने जे केले ते डिंभ्यात दर उन्हाळ्यात सिंचनाचे वेळापत्रक करते. ज्या दिवशी 'पर्यटनासाठी पातळी राखावी' अशी मागणी होईल, त्या दिवशी पुस्तिकेतले 'निळेशार सरोवर' हा त्या मागणीचा पहिला पुरावा असेल.

आणि त्या जाळ्यांची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. डिंभ्याच्या काठचे महादेव कोळी हे नावाने कोळी. किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांसारखी मासेमारी हा त्यांचा परंपरागत धंदा नव्हे. ते डोंगरउतारावर भात-नाचणी पिकवणारे शेतकरी. जमीन पाण्याखाली गेल्यावर ते होडी वल्हवायला आणि जाळे टाकायला शिकले. कुसुम कर्णिक, आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी सहकारी संस्था उभारली आणि एरवी ठेकेदाराकडे जाणारा मासेमारीचा हक्क मागून घेतला. जुन्नर-आंबेगावात नौकानयनाची जिवंत परंपरा सांगायचीच असेल तर ती ही, एका पिढीची, नाइलाजातून जन्मलेली. आमच्या विद्यार्थिनीच्या मसुद्यात सातवाहन होते, यवन होते, डच होते. महादेव कोळी नव्हते. तिला मिळालेल्या मुद्द्यांतच ते नव्हते.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. 'तुम्हा प्राध्यापकांचे पोट भरलेले आहे. इथल्या पोरांना काम हवे आहे. श्रीमंतांनी चार पैसे इथे खर्च केले तर बिघडले काय?' शिवाय चैनीवर सूड उगवला की मार कारागिराला बसतो याचा दाखलाही आहे. अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरवरच्या नौकांवर दहा टक्के चैनकर लावला. श्रीमंतांनी खरेदी थांबवली, नाव बांधणारे सुतार-रंगारी घरी बसले, आणि १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. हे सारे मान्य. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांच्या कारागिरांनी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तशी कारागिरी कोणी परत आणणार असेल तर मी तिचे कौतुकच लिहीन. पण डिंभ्यावर यॉट बांधली जाणार नाही, आणली जाईल. इथल्या मुलाला मिळेल ते दोरी धरण्याचे हंगामी काम.

आणि या वाटेने आधी कोणी गेले नाही असेही नाही. याच पुणे जिल्ह्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभे राहिले. त्यातले दासवे हे गाव इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवले गेले. पोर्टोफिनो हे कोळ्यांचे बंदर, पुढे यॉटवाल्यांचे झालेले. आपण त्याचा देखावा आणला, समुद्र आणता आला नाही. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. रोजगाराचे आश्वासन तिथेही होते, आणि तेही उत्तम भाषेत होते.

मी नावेच्या विरोधात नाही. मच्छीमार संस्थेच्या सभासदांनी स्वतःच्या होड्यांतून पर्यटकांना फिरवावे, बुडालेल्या गावाची गोष्ट स्वतः सांगावी, तिकिटाचे पैसे स्वतः घ्यावेत. त्या धंद्याची पुस्तिका मी फुकट लिहून देईन. मात्र पाण्यावरच्या हक्कांच्या रांगेत विहार शेवटी उभा राहील एवढे आधी ठरावे.

उरला प्रश्न आमचा. उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही जाहिरातलेखन शिकवतो. आकर्षक मथळा, अनुप्रास, भावनेला हात घालणारा शेवट, सगळे शिकवतो. वाक्य खरे आहे का, हा प्रश्न त्या तासाला विचारला जात नाही. तो आम्ही कादंबरीच्या तासाला राखून ठेवतो. एका तासाला विश्वास पाटलांची 'झाडाझडती' शिकवून धरणग्रस्तांविषयी कळवळा उत्पन्न करायचा आणि दुसऱ्या तासाला त्याच धरणग्रस्तांच्या गावावरच्या पाण्याला 'निळेशार' म्हणण्याचे कसब शिकवायचे, हा दुटप्पीपणा विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नसेल असे समजू नये. त्यांना तो दिसतो. पण पोटाचा प्रश्न असल्यामुळे ते बोलत नाहीत.

त्या मुलीने काम सोडावे असे मी म्हटले नाही. ते म्हणणे मला परवडते, तिला नाही. मी तिला तीन दुरुस्त्या सुचवल्या : बॅकवॉटरच्या जागी फुगवटा; सातवाहनांच्या वाक्यानंतर डिंभ्याच्या मच्छीमारांचे एक वाक्य; आणि बुडालेल्या आंबेगावचे नाव, एकदा तरी. पहिली दुरुस्ती संस्थेने नाकारली, 'शब्द जड वाटतो' म्हणून. दुसरी गाळली. तिसरी ठेवली, पण 'पाण्याखालचे गूढ गाव' असा बदल करून. त्या गावात गूढ काही नव्हते. तिथे माणसे राहत होती, आणि त्यांतली पुष्कळशी अजून त्याच पाण्याच्या काठी राहतात. पुढच्या वर्षी उपयोजित मराठीच्या पहिल्या तासाला हेच शब्द मी फळ्यावर लिहिणार आहे आणि त्यांत काय खोटे आहे ते वर्गाला विचारणार आहे.